दोन स्वतंत्र मार्ग

सकाळी अकरा वाजून सोळा मिनिटांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोन हिरव्या रेघा एकदम लाल झाल्या, आणि खोलीतल्या सात माणसांपैकी सहा जणांना वाटलं की आज दोन ठिकाणी केबल तुटली. सातव्याला कळलं की ती एकाच ठिकाणी तुटली आहे. हा सातवा घरात धाकटा, म्हणून आपणही त्याला धाकटाच म्हणू. कचेरीत त्याला पाठीमागे वाहतूक हवालदार म्हणत. एक रेघ लाल होणं रोजचंच होतं. कुठेतरी कोणी गटारासाठी खणतो, यंत्राचा दात जमिनीत घुसतो, केसाएवढे काचेचे धागे पटापट तुटतात आणि त्यांच्यातून धावणारा उजेड मातीत सांडतो. पण तेवढ्या क्षणात सगळी वाहतूक दुसऱ्या वाटेला लागते, आणि फोनवर बोलणाऱ्याला फार तर वाटतं की समोरच्याने श्वास घेतला. त्यासाठीच दोन वाटा असतात. नदीपलीकडच्या अर्ध्या शहराची एक वाट जुन्या पुलावरून जात होती, दुसरी नव्या पुलावरून. दोन पुलांत दोन मैलांचं अंतर. दोन मैलांवर दोन यंत्रं एकाच सेकंदाला एकसारखी खणत नाहीत. हे कळायला हुशारी लागत नव्हती, फक्त दुसरी वाट नव्या पुलावरून कधी गेलीच नव्हती हे माहीत असावं लागत होतं. ते त्या खोलीत एकट्या धाकट्याला माहीत होतं.

त्यानंतरची चार मिनिटं हीच खरी गोष्ट, बाकीचं सगळं तिचं शेपूट. तिसरी एक वाट होती. जुनी, डोंगराला वळसा घालून जाणारी, रुंदीला इतरांच्या दहावा हिस्सा. तिच्यावर वाहतूक आपोआप जात नसे, हाताने न्यावी लागे, कारण तिच्यात सगळं मावणार नाही. कोणाला न्यायचं आणि कोणाला वाऱ्यावर सोडायचं हे कोणीतरी ठरवायला हवं. ते धाकट्याने कधीच ठरवून ठेवलं होतं. त्याच्या तक्त्यात तीन वर्ग होते. पहिला, काही झालं तरी न थांबणारा: रुग्णवाहिका, अग्निशमन, दवाखाने, बँका. दुसरा, थांबला तरी चालेल पण ओरडा होईल असा: कचेऱ्या, दुकानं, माणसांची साधी बोलणी. तिसऱ्याला त्याने ‘उरलासुरला’ असं नाव दिलं होतं. त्यात गाणी होती, सिनेमे होते, आणि लांबच्या नातवंडांचा चेहरा बघायला पडद्याला नाक लावून बसलेल्या म्हाताऱ्या होत्या. सरावलेल्या हाताला हे काम सात मिनिटांचं. धाकट्याचा हात तर सगळ्यात सरावलेला. पण त्या सकाळी त्याच्या हाताने आधी तिसरी वाट उघडली नाही. आधी तीन वर्षांपूर्वीची फाइल उघडली. सही आपलीच आहे ना, हे त्याला बघायचं होतं, जणू मधल्या काळात ती दुसऱ्या कोणाची होऊन बसली असती. फॉर्मवर, ‘दोन्ही मार्ग स्वतंत्र आहेत काय?’ या रकान्यात, टपोऱ्या अक्षरात ‘होय’. खाली त्याची सही, तारीख सत्तावीस. त्याने ते पान दोनदा वाचलं. मग फाइल कोणी उघडली याची नोंद राहते का, तेही तपासलं, राहत नव्हती. यात चार मिनिटं गेली. मग तो कामाला लागला, आणि लागला तो असा की बाकीचे खुर्च्या सोडून त्याच्यामागे येऊन उभे राहिले. बोटांनी एकेक वर्ग उचलून तो त्या अरुंद वाटेत ठेवत गेला, कुठे धक्का नाही, कुठे गर्दी नाही. अकरा सत्तावीसला पहिला वर्ग पूर्ण चालू झाला. कोणीतरी टाळी वाजवली.

पलीकडच्या भागात एका शिंप्याच्या छातीत अकरा एकोणीसला कळ आली होती. त्याच्या बायकोने रुग्णवाहिकेला फोन लावायला घेतला तो अकरा सत्तावीसला लागला. गाडी पोचेपर्यंत शिंपी गेला होता. चार मिनिटं आधी लागला असता तर वाचला असता का, हे कोणी सांगू शकत नव्हतं, आणि या न सांगता येण्यावर धाकटा पुढचे पाच दिवस जगला. जेवताना, दाढी करताना, जिन्यावर तो स्वतःला समजावत राहिला की माणूस जायचा तो जातोच. अकरा मिनिटांबद्दल कोणी विचारलंही नाही. उलट कचेरीच्या मोठ्या बैठकीत त्याचं कौतुक झालं: इतक्या थोड्या जागेत इतकी वाहतूक, आणि तीही न तुंबता. विचारणा झाली ती वेगळीच. दोन मार्ग एका पाइपात कसे?

साहेबांना सगळे इस्त्री म्हणत. त्यांच्या बाहीची घडी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी असे, आणि बोलणंही तसंच. त्यांनी धाकट्याला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

“हे बघ, दोनच शक्यता आहेत,” ते म्हणाले. “एक तर कागद चुकला, नाही तर जागेवरचा माणूस चुकला. कागद चुकला तर तू चुकलास, आणि तुझ्या सहीवर माझी सही आहे. मग आपण एकाच माळेचे मणी. जागेवर कोण होतं?”

“माझा भाऊ,” धाकटा म्हणाला.

“सख्खा?”

“सख्खा.”

“मग तर बरंच झालं, घरातल्या घरात मिटेल.” साहेबांनी टेबलावरची धूळ नसलेली जागा पुसली. “त्याचे डोळे गेलेत असं ऐकलं. म्हणजे तसाही तो घरी बसणारच आहे. एक जबाब पाहिजे त्याच्या सहीचा. मी कळवताना चूक केली, एवढंच. आणि वह्या लिहितो म्हणे?”

“पेन्सिलीने लिहितो. ते सगळेच केबल जोडणारे पेन्सिलीने लिहितात, खाली ओल असते, पेन फुटतं.”

“पेन्सिलीचं पुरावा म्हणून कोणी धरत नाही,” साहेब म्हणाले. “तरी नसलेली बरी.”

धाकट्याने जबाब स्वतःच टंकला. अकरा ओळींचा झाला. दोन्ही केबली वेगळ्या मार्गांनी गेल्याचं आपण प्रत्यक्ष पाहून कार्यालयाला कळवलं. तसं नव्हतं हे पुढे ध्यानात येऊनही कळवलं नाही. झालेल्या सर्व परिणामांस आपण जबाबदार आहोत. ‘सर्व परिणामांस’ लिहिताना शिंपी त्याच्या डोळ्यांसमोर आला. त्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं, तरी गळ्यात टेप होती. फॉर्मवरची तारीख त्याने तशीच उचलून जबाबात घातली. या जबाबावर दादाची नोकरी जाणार होती, नोकरीबरोबर राहती खोली जाणार होती, कारण ती कंपनीची होती, आणि माणूस गेलेला असल्यामुळे एखाद्या सकाळी पोलीसही दारात येणार होते. हे सगळं त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याला दादाची कीव यायला हवी होती. ती आली नाही. राग आला. हा माणूस नेहमी असा हाताशी का असतो? ज्याच्यावर ढकलावं असं दुसरं कोणी आयुष्यात का मिळालं नाही?

दादाच्या खोलीकडे चालत जाताना त्याला तो जुना फोन शब्दन्‌शब्द आठवत होता. तेव्हा दादा पुलाच्या पदपथाखालच्या खड्ड्यात गुडघ्यांवर बसला असणार, कारण त्याचा आवाज पिंपातून आल्यासारखा घुमत होता. “धाकट्या, हे लोक दोन्ही केबली एकाच पाइपात टाकतायत. नव्या पुलाची परवानगी आठ महिने मिळणार नाही म्हणे. तू तुझ्याकडे लिहून ठेव. उद्या पाइप तुटला तर दोन्ही जातील.” धाकटा म्हणाला होता, “लिहितो.” आणि दहा दिवसांनी त्याने ‘होय’ लिहिलं होतं. आठ महिने थांबलं असतं तर काम मुदतीत झालं नसतं, आणि काम मुदतीत झालं म्हणूनच पुढच्या महिन्यात तो खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर गेला होता. पडद्यासमोर बसून सगळ्या शहराची वाहतूक हाकायची, खड्ड्यात कोणी तरी दुसरं बसलेलं; उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं काय असतं? दादाने पुढे एकदाही विचारलं नाही, की लिहिलंस का. तो विचारत नसे. हा त्याचा जुनाच दोष होता, असं धाकट्याला चालता चालता वाटलं, आणि दोष सापडल्यामुळे पाऊल थोडं हलकं पडलं.

लहानपणी घरात दूध एकच पेला यायचं. आई ते धाकट्याला द्यायची, आणि रिकाम्या भांड्यात पाणी घालून, हलवून, ते पांढुरकं पाणी दादाला. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. एक शिकणार, दुसरा कमावणार, हे आईने दोघांचे हात बघूनच ठरवलं होतं. वावगं होतं ते वेगळंच, आणि ते फक्त धाकट्याला माहीत होतं. तो दूध सावकाश प्यायचा. दादा समोर बसलेला असेल तेव्हा मुद्दाम सावकाश, घोट तोंडात घोळवत, पेल्याच्या काठावरून बघत. दादा तोंड भिंतीकडे फिरवायचा आणि सगळं संपेपर्यंत भिंत बघत राहायचा. धाकट्याला ते आवडायचं. चव दुधाची नसायची, दादाच्या वळलेल्या मानेची असायची. पुढे त्याने वर्गांचा तक्ता केला तेव्हा सगळ्यांना त्याचं नवल वाटलं, इतका नेमका कसा जमला. त्याला नवल वाटलं नाही. जागा कमी आणि माणसं जास्त असली की कोणाला भांड्याचं पाणी द्यायचं, हे तो पाचव्या वर्षीच शिकला होता.

खोली तळमजल्यावर होती. दार वहिनीने उघडलं. हात पदराला पुसत ती म्हणाली, “या भाऊजी. बरोबर वेळेवर आलात, चहा टाकतेच आहे.” दादा खिडकीशी खुर्चीवर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. इतकी वर्षं केसाएवढा काचेचा धागा दुसऱ्या तसल्याच धाग्यासमोर धरून जोडणारे ते हात आता मांडीवर नुसते पडून होते. धाकटा समोर बसला तसं दादाने तोंड उजवीकडे, भिंतीकडे वळवलं. धाकट्याचा जीव क्षणभर वर-खाली झाला. मग आठवलं. मागच्या खेपेलाही असंच झालं होतं, आणि तो दुखावला होता, तेव्हा वहिनीच हसून म्हणाली होती, “अहो, तुमच्याकडेच बघतायत ते. मधलं दिसत नाही त्यांना, कडेचं तेवढं दिसतं, ठसठशीत असेल ते. भिंतीकडे तोंड केलं की समजायचं, आपल्यावर नजर आहे. मला तर आता सवयच झालीय, सरळ माझ्या तोंडाकडे बघायला लागले की मी खुशाल साखर जास्त घालते.” तेव्हा तिघेही हसले होते.

“तो शिंपी गेला म्हणे,” वहिनी आतून म्हणाली. “बायको आठ-दहा मिनिटं फोन लावत होती. काय वाटलं असेल हो तिला.”

“हो,” धाकटा म्हणाला.

“दोन्ही एकदम गेल्या ना?” दादाने विचारलं. आता तो सरळ समोर बघत होता, म्हणजे काहीच बघत नव्हता.

“एकदम.”

“एका सेकंदात?”

“एका सेकंदात, दादा.”

दादाने मान हलवली. आणखी काही बोलला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या, हात उगारला असता, तर धाकट्याला उलटून काहीतरी म्हणता आलं असतं आणि सगळं सोपं झालं असतं. पण दादाने फक्त खुर्चीच्या हाताला लागलेला रंगाचा पोपडा नखाने काढला. धाकट्याने घसा खाकरून विचारलं, “त्या वर्षीची वही आहे का रे? चौकशीला लागेल.” वहिनीने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. वह्या वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या, प्रत्येकीला दोरा. हवी ती तिने चटकन काढली. दादाची दृष्टी गेल्यापासून ती त्याला त्या मोठ्याने वाचून दाखवत असे, संध्याकाळची, दुसरं काय वाचायचं म्हणून. धाकट्याने वही उघडली. सतरा तारखेला, ओलीने थोडं पसरलेलं: ‘जुना पूल. दोन्ही एकाच पाइपात. बरोबर नाही. धाकट्याला फोनवर सांगितलं, तो लिहितो म्हणाला.’ त्याने वही मिटून पिशवीत घातली. वहिनी म्हणाली, “जपून आणा हं परत,” आणि चहा बघायला आत गेली.

मग त्याने कागद काढला. “आणि एक सही हवी, दादा. तुझा जबाब म्हणून. मीच लिहून आणलाय, तुला त्रास नको.”

“वाचून दाखव,” दादा म्हणाला.

याची तयारी त्याने केलीच होती. कागद दोघांच्या मध्ये, छोट्या टेबलावर ठेवला, वरून बोट फिरवायला सुरुवात केली आणि वेगळंच वाचलं. वाचलं ते असं: दोन्ही केबली एका पाइपात जात असल्याचं माझ्या लक्षात आलं होतं. मी ते वेळीच फोनवरून कळवलं होतं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. आवाज स्थिर होता, बोट ओळींवरून बरोबर सरकत होतं, अकरा ओळींना पुरेल इतकं सावकाश. वाचता वाचता त्याला जाणवलं की आपण वाचतोय ते खरं आहे, आणि खरं बोलण्याची ही आपली पहिलीच वेळ आहे. शेवटी त्याने वर बघितलं. दादाचं तोंड भिंतीकडे होतं. भिंतीवर काही नव्हतं, एक खिळा होता फक्त. धाकट्याला वाटलं, ऐकताना त्याला वाईट वाटलं असेल. लहानपणी वाटायचं तसं. नाही तर कंटाळा आला असेल. तो कधीपासून तसा बसला होता, हे त्याने पाहिलं नव्हतं.

“बरं लिहिलंयस,” दादा म्हणाला. “सही कुठे?”

धाकट्याने पेन त्याच्या हातात दिलं, हात धरून जागेवर नेला. सही झाली, जुनी, शाळेतली, प्रत्येक अक्षर वेगळं. धाकट्याने कागद ओढायला हात पुढे केला. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच घरी जाऊन झोपावंसं वाटलं, भर दुपारी, पांघरूण डोक्यावरून घेऊन. दादाचा पंजा मात्र कागदावरच होता.

“तारीख चुकलीय,” दादा म्हणाला.

“कुठली?”

“सत्तावीस घातलीयस. केबली सतराला टाकल्या. सत्तावीसला मी पुलावर नव्हतोच, डोळे दाखवायला गेलो होतो, रजा आहे हजेरीत. उद्या कोणी हजेरी काढली तर हा सगळा कागद खोटा पडेल. आणि मग तुला विचारतील, कोणी लिहिला म्हणून.”

आत कपबशांचा आवाज होत होता. धाकट्याने वाचण्यात तारीख घेतलीच नव्हती. एकही तारीख त्याच्या तोंडून गेली नव्हती. ती ठसठशीत छापलेली होती, चौथ्या ओळीत, ‘प्रत्यक्ष पाहून कळवलं’ या शब्दांच्या लगेच पुढे. आणि भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांच्या कडेने ती वाचणाऱ्याने त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाचलेलं असणार. आता काहीतरी बोलायला हवं होतं. कागद फाडायला हवा होता, किंवा दादाच्या पायांशी बसायला हवं होतं, किंवा निदान शिंप्याबद्दल, त्या चार मिनिटांबद्दल, जे कोणालाच माहीत नव्हतं ते या एका माणसाला सांगायला हवं होतं. एवढं सगळं एकदम दाटून आलं, आणि वाट तर एकच होती, अरुंद. सवयीने त्याचं मन कामाला लागलं, आधी काय जाऊ द्यायचं आणि काय थांबवायचं ते लावायला. हजेरीचं आपल्या कसं लक्षात आलं नाही, हा विचार सगळ्यांच्या पुढे निघून आला. त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली.

“पेनने कर,” दादा म्हणाला. “पेन्सिलीचं कोणी धरत नाही.”

त्याने पेनने केलं. सत्तावीस खोडून सतरा लिहिलं, शेजारी दादाची छोटी सही घेतली, तीही जागा दाखवून, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. अक्षर चांगलं आलं होतं. वहिनीने चहा आणून ठेवला; धाकट्याच्या कपात दूध जास्त होतं, त्याला तसाच लागतो हे तिला माहीत होतं. कप उचलला नसता तर तिने विचारलं असतं, म्हणून त्याने उचलला. पहिला घोट घेताना काठावरून समोर नजर गेली. दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, आणि कप संपेपर्यंत त्याने ते तसंच ठेवलं.